हौसेखातर नवा एडिटर: टर्मिनलमध्ये हेलिक्स, सरावाला सांगलीचे दहा तालुके

"सर, टर्मिनलमधला एडिटर शिकून उपयोग काय?" विश्रामबागेत माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. टर्मिनल म्हणजे आज्ञा लिहून संगणक चालवायची खिडकी, आणि एडिटर म्हणजे मजकूर किंवा कोड लिहायचा प्रोग्रॅम. उपयोग आहेच. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकात शिरायची सोय) शिरलं की तिथे माउस नसतो, खिडक्या नसतात. 4 जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर जड एडिटर उघडला की पंखा घरघरायला लागतो, टर्मिनलमधला एडिटर मात्र लगेच समोर येतो. पण ही कारणं मी आधी सांगत नाही. आधी सांगतो की एखादा रविवार मोकळा ठेवा आणि गंमत म्हणून करून बघा. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि इथे तर खिशालाही चाट नाही. यातले सगळे एडिटर फुकट मिळतात, आवडला नाही तर एका ओळीत काढून टाकता येतात.

ज्यांनी टर्मिनल आजवर फारसं उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वाचण्याआधी एक सूचना: आज्ञा आणि कळांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करायची. "शिफ्ट-यू" असं लिहिलं असेल तिथे मोठं अक्षर, म्हणजे शिफ्ट दाबून यू.

कोणता एडिटर घ्यावा

टर्मिनलमधले एडिटर ढीगभर आहेत. नॅनो बहुतेक लिनक्सवर आधीपासून असतो. तो 1999 साली सुरू झाला. कंट्रोल धरून कोणती कळ दाबायची ते त्यात स्क्रीनच्या तळाशीच लिहिलेलं असतं. मायक्रो त्याच्यापेक्षा नवा. कंट्रोल-एसने सेव्ह, कंट्रोल-सीने कॉपी, माउसही चालतो, त्यामुळे शिकण्यासारखं त्यात फार उरत नाही. एखादी फाइल पटकन दुरुस्त करायची एवढंच काम असेल तर बेलाशक मायक्रो घ्या आणि इथेच थांबा.

हौस म्हणून घ्यायचा असेल तर मात्र बोटांना नवीन वळण लावणारा एडिटर हवा. या घराण्याचा मूळपुरुष व्हीआय. बिल जॉय यांनी तो 1976 च्या सुमारास बर्कलीत लिहिला. कर्सर हलवायला त्यात एच, जे, के, एल या कळा आहेत, कारण जॉय ज्या एडीएम-3ए टर्मिनलवर काम करत होते त्याच्या कीबोर्डवर बाण याच चार कळांवर छापलेले होते. एस्केपची कळही त्यावर आजच्या टॅबच्या जागी, म्हणजे बोटाच्या अगदी जवळ होती. आज ती कोपऱ्यात गेली तरी सवय तशीच चालत आली. व्हीआयचा वारस व्हिम 1991 साली ब्रॅम मूलनार यांनी आणला आणि तो जगभर पसरला.

या लेखात मी हेलिक्स घेतो आहे. तो रस्ट भाषेत लिहिलेला आहे आणि 2021 पासून लोकांच्या हाती आहे. घराणं व्हिमचंच, पण एक मोठा फरक आहे, आणि तो त्याने काकून नावाच्या एडिटरकडून घेतला. व्हिममध्ये आधी क्रिया सांगायची आणि मग ती कशावर करायची ते: "पूस, शब्द". हेलिक्समध्ये आधी मजकूर निवडायचा, तो रंगून डोळ्यांसमोर दिसतो, आणि मग क्रिया: "शब्द, पूस". आपण मराठीत बोलतोही असंच. "ही ओळ पूस" म्हणतो, "पूस ही ओळ" कुणी म्हणत नाही. नवख्या माणसाला याचा फायदा असा की काय पुसलं जाणार आहे ते पुसण्याआधीच दिसतं. माझ्या मते नवीन माणसाने व्हिमच्या आधी हेलिक्स शिकावा.

त्यात काय नाही तेही सांगून ठेवतो. व्हिमसारखी प्लगइनची (वरून जोडायच्या जादा सोयींची) बाजारपेठ हेलिक्सला नाही. मला ते सुरुवातीला चांगलंच वाटतं, कारण प्लगइन मिळायला लागली की मुलं लिहायचं सोडून सजावट करत बसतात.

बसवणं

विंडोजवर टर्मिनल उघडून "विंगेट इन्स्टॉल हेलिक्स.हेलिक्स" अशी आज्ञा द्या. मॅकवर "ब्रू इन्स्टॉल हेलिक्स". उबुंटूवर "सुडो स्नॅप इन्स्टॉल हेलिक्स --क्लासिक", फेडोरावर "सुडो डीएनएफ इन्स्टॉल हेलिक्स". चालवायची आज्ञा मात्र दोनच अक्षरांची, एचएक्स. फक्त आर्च लिनक्सवर ती पूर्ण शब्दात, हेलिक्स अशी आहे. विंडोजवर बसवून झाल्यावर एचएक्स सापडत नाही असं उत्तर आलं, तर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा.

लॅपटॉप नसला तरी अडत नाही. अँड्रॉइड फोनवर एफ-ड्रॉइड या फुकट ॲपच्या दुकानातून टर्मक्स हे टर्मिनलचं ॲप घ्या आणि "पीकेजी इन्स्टॉल हेलिक्स" म्हणा. टर्मक्स कीबोर्डच्या वर एस्केप आणि कंट्रोलची जादा पट्टी दाखवतं. शिवाय आवाज कमी करण्याचं बटण धरलं की ते कंट्रोलचं काम करतं, आणि आवाज वाढवण्याचं बटण धरून ई दाबलं की एस्केप. छोट्या स्क्रीनवर डोळे दुखतात हे खरं, पण ओटीजी केबलने साधा कीबोर्ड जोडला तर फोनवरही मनासारखा सराव होतो.

आत शिरणं आणि बाहेर पडणं

टर्मिनलमध्ये एचएक्स लिहून एंटर दाबा. रिकामी काळसर खिडकी येईल. खालच्या पट्टीत डावीकडे तीन अक्षरं दिसतील: एन, ओ, आर. म्हणजे तुम्ही नॉर्मल अवस्थेत आहात. या अवस्थेत कळ दाबली तर अक्षर उमटत नाही, प्रत्येक कळ ही एक आज्ञा असते. आय दाबा, पट्टीत आय, एन, एस येईल, आणि आता तुम्ही लिहाल ते उमटेल. लिहून झालं की एस्केप, पुन्हा नॉर्मल. बाण चालतातच, एच-जे-के-एलची सवय हळूहळू लावा.

बाहेर पडायला नॉर्मल अवस्थेत विसर्गासारखं चिन्ह ( : ) दाबा. खाली आज्ञेची ओळ उघडेल, तिथे क्यू लिहून एंटर. फाइल बदललेली असेल आणि बदल फेकून द्यायचे असतील तर क्यूपुढे उद्गारचिन्ह. सेव्ह करायला ":डब्ल्यू", सेव्ह करून बाहेर पडायला ":डब्ल्यूक्यू". या प्रकारच्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न इतक्या जणांना पडतो, की स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर व्हिमबद्दलचा तो प्रश्न 2017 सालीच 10 लाखांवर वेळा पाहिला गेला होता. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी लिहायच्या आधी बाहेर पडायला लावतो. तुम्हीही आत जा, बाहेर या, पुन्हा जा. चार-सहा वेळा केलं की भीती मोडते.

मग "एचएक्स --ट्यूटर" ही आज्ञा द्या. एडिटरच्या आतच धडे उघडतात. ते वाचायचे आणि त्याच मजकुरावर करून बघायचे. काही बिघडवलं तरी पुढच्या वेळी धडे कोरे करकरीत मिळतात. धडे इंग्रजीत आहेत, पण भाषा सोपी आहे. निम्मे केलेत तरी या लेखाचा पुढचा भाग कळेल.

मराठी कीबोर्ड आणि नॉर्मल अवस्था

इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ही अडचण सहसा सांगितलेली नसते, म्हणून इथे जरा थांबू. नॉर्मल अवस्थेतल्या सगळ्या आज्ञा इंग्रजी अक्षरांच्या आहेत. तुम्ही मराठीत लिहीत असाल आणि एस्केप दाबल्यावर कीबोर्ड मराठीच राहिला, तर एडिटरला आज्ञा पोचतच नाहीत. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर एचच्या जागी प आहे, जेच्या जागी र, केच्या जागी क आणि एलच्या जागी त. सेव्ह करायला तुम्ही ":डब्ल्यू" च्या कळा दाबता तेव्हा एडिटरकडे जातं ते "छै", कारण शिफ्ट धरून त्या चिन्हाच्या कळीवर छ आहे आणि डब्ल्यूवर ऐकार. एडिटर ते ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि माणसाला वाटतं की प्रोग्रॅम अडकला.

उपाय एकच, पण तो बोटांत बसायला हवा: मराठी मजकूर संपला की आधी कीबोर्ड इंग्रजी, मग एस्केप. विंडोजवर विंडोजची कळ आणि स्पेस, उबुंटूवरही तेच. मॅकवर कंट्रोल आणि स्पेस. क्रम उलटा झाला तरी काही मोडत नाही, पण एकच क्रम ठेवला की डोक्याला ताप होत नाही.

दुसरी अडचण टर्मिनलची. टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या मापाचे चौकोन, एका चौकोनात एक अक्षर. इंग्रजीला ते जमतं. देवनागरीत वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, मात्रा वर बसते, जोडाक्षर दोन-तीन चिन्हांचं मिळून होतं. "कवठेमहांकाळ" हा शब्द घ्या. डोळ्यांना त्यात क, व, ठे, म, हां, का, ळ अशी 7 अक्षरं दिसतात. युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) हिशेबात त्यात 11 चिन्हं आहेत, कारण मात्रा, काने आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात. फाइलमध्ये साठवताना यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, म्हणजे एका गावाच्या नावाला 33 बाइट. हेलिक्स कर्सर हलवताना 7 चा हिशेब धरतो, "ठे" वरून पुढे गेलात तर मात्रेवर न अडकता थेट "म" वर जातो. टर्मिनल मात्र किती चौकोन रंगवायचे याचा स्वतःचा वेगळा हिशेब ठेवतं. दोघांचं जुळलं नाही की कर्सर एका अक्षरावर दिसतो आणि असतो शेजारच्यावर.

त्यामुळे मराठीसाठी टर्मिनलची निवड एडिटरइतकीच महत्त्वाची. लिनक्सवर केडीईचं कॉन्सोल मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. एमएलटर्म हे टर्मिनल बहुभाषिक मजकुरासाठीच बनवलेलं आहे आणि भारतीय लिप्या सांभाळतं. अलाक्रिटी वेगवान आहे, पण जोडाक्षरं जुळवून दाखवणं त्याच्या कक्षेतच नाही, मराठीसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. देवनागरीचा नीट फाँट, उदाहरणार्थ नोटो सान्स देवनागरी, बसवलेला असू द्या. एवढं करूनही टर्मिनलमध्ये लांबलचक मराठी लेख लिहिणं सुखाचं नाही हे मोकळेपणाने सांगतो. याद्या, टिपणं, कोडमधल्या मराठी सूचना यांना ते पुरेसं आहे.

सरावाची यादी

आता खरी गंमत. "एचएक्स तालुके.टीएक्सटी" अशी आज्ञा देऊन नवीन फाइल उघडा (नाव इंग्रजीत), आय दाबा, कीबोर्ड मराठी करा आणि एका ओळीवर एक अशी ही नावं लिहा:

मिरज
तासगाव
कवठेमहांकाळ
जत
खानापूर
आटपाडी
कडेगाव
पलूस
वाळवा
शिराळा

सांगली जिल्ह्याचे हे दहा तालुके. सरावासाठी ही यादी मुद्दाम निवडली आहे, कारण दहाही नावांत एकसुद्धा जोडाक्षर नाही. टर्मिनल फार चांगलं नसलं तरी कर्सर बऱ्यापैकी जागेवर राहतो. कीबोर्ड इंग्रजी करा, एस्केप दाबा, ":डब्ल्यू" ने सेव्ह करा.

पहिल्या ओळीवर जायला जी दोनदा. पहिल्यांदा जी दाबलं की कोपऱ्यात एक छोटी चौकट उघडते: पुढे कोणती कळ दाबली तर कुठे जाल याची यादी. ही चौकट हेलिक्सची सगळ्यात गोड सोय आहे. पाठांतर करावं लागत नाही, एडिटर स्वतःच सांगतो. जी आणि ई म्हणजे फाइलची शेवटची ओळ, जी आणि एच म्हणजे ओळीची सुरुवात, जी आणि एल म्हणजे ओळीचा शेवट.

एक्स दाबा. अख्खी ओळ रंगेल. पुन्हा एक्स, पुढची ओळही निवडीत येईल. डी दाबलं की निवडलेलं पुसलं जातं, यूने परत येतं, शिफ्ट-यूने पुन्हा पुसलं जातं. पुसलेलं वाया जात नाही, ते हाताशी राहतं: मिरजेच्या ओळीवर एक्स, डी, मग जेने खाली जाऊन पी दाबा, मिरज तिथे उतरेल. ओळी वरखाली हलवायचं काम एवढंच. शब्द निवडायला डब्ल्यू, निवडलेला बदलायला सी. सी दाबलं की जुना मजकूर जातो आणि तुम्ही थेट लिहिण्याच्या अवस्थेत येता.

निवड नकोशी झाली तर अर्धविराम ( ; ) दाबा, निवड आकसून कर्सरपुरती उरते. सुरुवातीला हे चिन्ह हाताशी ठेवा. रंगलेला भाग बघून गोंधळलात की एस्केप आणि अर्धविराम, बस.

एका वेळी अनेक कर्सर

इथपर्यंतचं काम कुठल्याही एडिटरात होतं. पुढचं करून बघितलं की मुलांचे डोळे चमकतात.

टक्क्याचं चिन्ह ( % ) दाबा, सगळी फाइल निवडली जाईल. आता एस दाबा. खाली "काय निवडू?" अशा अर्थाची ओळ उघडते. कीबोर्ड मराठी करा आणि "गाव" लिहा. एंटर दाबण्याआधीच वर यादीत नीट बघा: तासगाव आणि कडेगाव या दोन्ही नावांतला "गाव" तेवढा रंगलेला असेल, बाकी सगळं साधं. एंटर दाबा. आता तुमच्याकडे दोन कर्सर आहेत. कीबोर्ड इंग्रजी, सी, कीबोर्ड मराठी, आणि जुन्या पाट्यांवर असतं तसं अनुस्वारासह "गांव" लिहा. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी अक्षरं उमटताना दिसतील. इंग्रजी, एस्केप, मग यूने मूळ रूप परत आणा. शेवटी स्वल्पविराम ( , ) दाबा म्हणजे जादा कर्सर जाऊन एकच उरतो.

दुसरा प्रयोग. पुन्हा टक्का, मग ऑल्ट धरून एस. आता प्रत्येक ओळ स्वतंत्र निवडली गेली, दहा ओळींचे दहा कर्सर. आय दाबा, मराठीत "ता. " लिहा, स्पेससकट. दहाही नावांच्या आधी "ता." लागेल. नावांच्या शेवटी काही जोडायचं असेल तर आयच्या ऐवजी ए. काही टर्मिनलं ऑल्टची कळ स्वतःच्या मेनूसाठी अडवून धरतात, मॅकवर ऑप्शनची कळ ऑल्टसारखी वागावी म्हणून सेटिंग बदलावं लागतं. ते जमेना तर टक्का, एस, मग टिंब आणि अधिकचं चिन्ह ( .+ ), एंटर. परिणाम तोच: प्रत्येक भरलेली ओळ वेगळी निवडली जाते.

यूने "ता." काढून टाका, दहा ओळी पुन्हा तशाच निवडा आणि ":सॉर्ट" आज्ञा द्या. यादी लागेल ती अशी: आटपाडी, कडेगाव, कवठेमहांकाळ, खानापूर, जत, तासगाव, पलूस, मिरज, वाळवा, शिराळा. अगदी वर्णमालेप्रमाणे. निवड न तोडता नुसती ":सॉर्ट" दिलीत तर काही होणार नाही, कारण ही आज्ञा निवडलेल्या तुकड्यांना आपसांत लावते आणि तुकडा एकच असेल तर लावायला काही नसतं.

वर्णमालेवर मात्र डोळे झाकून विसंबू नका. एडिटर युनिकोडच्या क्रमाने लावतो, आणि युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल च्या लगेच पुढे, व च्या आधी बसवलेलं आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. मिरज तालुक्यातली कळंबी आणि कवलापूर ही दोन गावं यादीत घातलीत तर एडिटर कळंबीला आधी ठेवेल, मराठी शब्दकोशाच्या क्रमाने कवलापूर आधी यायला हवं. मतदार यादी किंवा हजेरीपट असं काही लावणार असाल तर ळ असलेली नावं शेवटी हाताने तपासा.

मग साताऱ्याकडे

सांगलीची यादी हातात बसली की दुसऱ्या फाइलमध्ये शेजारच्या जिल्ह्याचे अकरा तालुके लिहा: सातारा, कराड, वाई, महाबळेश्वर, फलटण, माण, खटाव, कोरेगाव, पाटण, जावळी, खंडाळा. या अकरांत जोडाक्षर एकच, महाबळेश्वरातलं श्व. कर्सर त्या शब्दावर नेऊन एल एकेकदा दाबत जा आणि श्व पाशी काय होतं ते पाहा. काही एडिटर आणि टर्मिनलं श्व ला एक अक्षर मानून ओलांडतात, काही अर्धा श आणि व यांच्यामध्ये थांबतात. दोन्हींना कारण आहे. अक्षर कुठे संपतं याच्या युनिकोडच्या नियमात देवनागरी जोडाक्षर अखंड धरायची सुधारणा 2023 साली, 15.1 या आवृत्तीत आली. जो प्रोग्रॅम त्याआधीच्या नियमावर चालतो तो श्व चे दोन तुकडे करतो. तुमच्या यंत्रावर काय होतं ते कळलं की मराठी मजकुरात कुठे जपून हात घालायचा तेही कळतं.

जोडाक्षरांच्या मजकुरात साधा डब्ल्यू शब्दाच्या मध्येच अडखळू शकतो. तिथे शिफ्ट-डब्ल्यू वापरा. तो फक्त मोकळी जागा पाहतो, पुढची मोकळी जागा येईपर्यंत सगळा एक शब्द. मराठीसाठी मी तोच वापरायला सांगतो.

लाईट गेली तर

पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा नसतो, आणि घरी डेस्कटॉप असेल, यूपीएस नसेल, तर ही गोष्ट आजच करून टाका. व्हिम काम चालू असताना शेजारी एक तात्पुरती फाइल ठेवतो आणि अचानक बंद पडल्यावर तिच्यातून मजकूर परत मिळवता येतो. हेलिक्स अशी फाइल ठेवत नाही. सेव्ह न केलेलं गेलं ते गेलं.

त्यासाठी आपोआप सेव्ह होण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. हेलिक्समध्ये ":कॉन्फिग-ओपन" म्हणा, सेटिंगची फाइल उघडेल. त्यात एका ओळीवर चौकटी कंसात "एडिटर.ऑटो-सेव्ह" लिहा, आणि तिच्या खाली दोन ओळी: "फोकस-लॉस्ट = ट्रू" आणि "आफ्टर-डिले.एनेबल = ट्रू". सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, टिंबं आणि आडव्या रेघा जशाच्या तशा. सेव्ह करून ":कॉन्फिग-रीलोड". आता तुम्ही दुसऱ्या खिडकीत गेलात की, किंवा लिहिता लिहिता साधारण 3 सेकंद थांबलात की फाइल आपोआप सेव्ह होते. फाइलला आधी नाव दिलेलं असावं लागतं, म्हणून रिकाम्या खिडकीत लिहायला सुरुवात करू नका, नाव देऊनच उघडा.

सेटिंगच्या फाइलमध्ये पहिल्या दिवशी एवढंच पुरे. रंग बदलायची हौस असेल तर ":थीम" लिहून स्पेस द्या आणि टॅब दाबत जा, प्रत्येक टॅबला पडद्याचे रंग बदललेले दिसतात, आवडेल तिथे एंटर.

स्पेसची कळ

नॉर्मल अवस्थेत स्पेस दाबली की आणखी एक चौकट उघडते. स्पेस आणि एफने फोल्डरमधल्या फाइली शोधता येतात, नावातली दोन-तीन अक्षरं लिहिली तरी पुरतं. स्पेस आणि बीने उघडलेल्या फाइलींमध्ये ये-जा. स्पेस आणि प्रश्नचिन्हाने सगळ्या आज्ञांची यादी. आणि स्पेस-वाय, स्पेस-पी या दोन जोड्या नीट लक्षात ठेवा: नुसत्या वायने केलेली कॉपी हेलिक्सच्या आतच राहते, ब्राउझरमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये चिकटवायची असेल तर स्पेस-वाय, बाहेरचं आत आणायचं तर स्पेस-पी. लिनक्सवर हे चालेना तर टर्मिनलमध्ये "एचएक्स --हेल्थ" द्या. क्लिपबोर्डसाठी कोणता प्रोग्रॅम सापडला आणि कोणत्या भाषेचं काय बसवायचं राहिलंय ते तिथे दिसतं.

कोड लिहिणाऱ्यांना तीच यादी पुढेही उपयोगी पडेल. पायथन, सी, रस्ट अशा भाषांची रंगीत मांडणी हेलिक्समध्ये आधीपासून असते. चुका दाखवणारा आणि नावं सुचवणारा लँग्वेज सर्व्हर मात्र आपण वेगळा बसवायचा. तो सापडला की हेलिक्स स्वतःहून त्याच्याशी बोलायला लागतो, जोडणी करावी लागत नाही.

रोजच्या कामात आणायचा तर

नवा एडिटर पहिल्याच आठवड्यात सगळ्या कामाला लावू नका. परीक्षेचा प्रोजेक्ट, सबमिशन, नोकरीचं काम जुन्या एडिटरातच चालू द्या. हेलिक्सला एकच छोटं, रोज येणारं काम द्या. त्याला गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) सगळ्यात योग्य, कारण कमिटचा, म्हणजे अशा प्रत्येक नोंदीचा, संदेश दोन-चार ओळींचा असतो आणि दिवसातून अनेकदा लिहावा लागतो. टर्मिनलमध्ये "गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.एडिटर एचएक्स" एवढं एकदा केलं की पुढे नुसतं "गिट कमिट" म्हटल्यावर हेलिक्स उघडतो. आय, संदेश लिहा, एस्केप, ":डब्ल्यूक्यू". संदेश न लिहिता बाहेर पडलात तर गिट तो कमिट रद्द करतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. संदेश मराठीत लिहिलात तरी गिटला चालतो. पहिली ओळ साधारण 50 अक्षरांत बसवा, दुसरी रिकामी सोडा आणि सविस्तर काय ते तिसरीपासून लिहा.